एवढं एक राहू दे

कौस्तुभ आगाशेला जाऊन अकरा महिने झाले होते, तेव्हा तो घरी आला.

सकाळचे दहा वाजले असतील. आंजर्ल्याच्या तिठ्यावर रिक्षा सोडून तो पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली उतरला, फाटकाची कडी काढली आणि अंगणात उभा राहिला. ओटीवर विजूआत्या सुपात फणसाच्या आठळ्या घेऊन बसली होती. विजूआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. तिने मान वर केली आणि मांडीवरचं सूप कलंडलं. आठळ्या अंगणभर झाल्या. आत्या किंचाळली खरी, पण त्याआधी तिने त्याच्या पावलांकडे बघून घेतलं. पावलं सरळ होती.

"मेल्या, कुठे होतास रे!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावून दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळायला लागली.

कुठे होता, ते थोडक्यात सांगायला हवं. भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून कौस्तुभ त्यांच्या दुरुस्तीच्या बोटीवर इंजिनिअर होता. वादळात बोट उलटली. सात माणसं मिळाली, सातही मेलेली. आठवा कौस्तुभ. त्याला एका परक्या मच्छीमार बोटीने उचललं आणि कुठल्याशा परदेशातल्या लहान बंदराच्या दवाखान्यात टाकून ती निघून गेली. डोक्याला मार, अंगावर कागद नाही, तोंडून शब्द नाही. स्वतःचं नाव आठवायला त्याला दहा महिने लागले. इकडे सरकारने मृत्यूचा दाखला दिला. देह नव्हता, म्हणून पोंक्षे गुरुजींनी पळसाच्या देठांचा देह रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि शर्वरीने, म्हणजे कौस्तुभच्या बायकोने, समुद्रावर त्याला अग्नी दिला. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवला नाही. दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं आत्या पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

परवा तिथल्या दूतावासातून त्याने घरी फोन केला होता. शर्वरीने उचलला. तो तीनदा म्हणाला, "शरू, मी बोलतोय." ती पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली, मग "आत्या, कोणी बोलतच नाही," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. लाइन खराब असेल, असं तो समजला होता.

"आत्या, काय पडलं?"

शर्वरी माजघरातून बाहेर आली. पदर खोचलेला, केस वर बांधलेले, चेहरा टवटवीत. अकरा महिने कौस्तुभ ज्या चेहऱ्याचं नाव आठवत पडला होता, तो हा. ती पायऱ्या उतरली, सूप उचललं आणि खाली बसून आठळ्या गोळा करायला लागली. गोळा करत करत त्याच्या पायांपाशी आली. त्याच्या दोन चपलांच्या मधे एक आठळी पडली होती, ती तिने उचलली आणि सुपात टाकली.

"शरू," तो म्हणाला.

"केवढ्याने ओरडलात, आत्या! मला वाटलं, जनावर निघालं." ती उठली आणि त्याला वळसा घालून ओटीवर गेली. तिच्या पायांना तो तिथे उभा आहे हे ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

"तुला सांगायचं राहिलं रे," आत्या म्हणाली. "आम्ही तिला चिपळूणला नेलं होतं."

*

चिपळूणच्या त्या केंद्राचं नाव 'विराम'. तिथल्या डॉक्टर रुबीना परकार पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेल्या. कौस्तुभने नाव सांगताच त्यांनी फाइल उघडली, फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं.

"तुम्ही गेल्यावर काय झालं, ते ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

आत्याने घरीच सांगितलं होतं. शर्वरी रोज त्याचं ताट घ्यायची. संध्याकाळी सहाला फाटकाची कडी वाजली म्हणून धावत जायची. पावसात, तापात, कशीही. रात्री उठून बसायची, त्याने खोकला काढला म्हणून. चार महिन्यांत ती निम्मी झाली होती.

"आपला मेंदू जग जेवढं पाहतो, त्याहून जास्त त्याचा अंदाज बांधतो," डॉक्टर म्हणाल्या. "अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली तरी तुम्ही आणखी एक पाय खाली टाकता ना? तो अंदाज. ज्या माणसाबरोबर आपण राहतो, त्याचे असे हजारो अंदाज डोक्यात तयार असतात. माणूस जातो, अंदाज जात नाहीत. सहा वाजले की कडी वाजते. ती बाहेर वाजत नाही, डोक्यात वाजते. वर्षा-दोन वर्षांत हे आपोआप विझतं. काहींचं विझत नाही, तीच माणसं झुरून जातात. आम्ही ते दहा दिवसांत विझवतो."

"कसं?"

"गेलेल्या माणसाच्या खुणा घ्यायच्या. फोटो, आवाज, शर्टाचा वास, चालण्याची पद्धत. पेशंटच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि एकेक खूण दाखवायची. ओळख पटायला मेंदूला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. ती पटायच्या ऐन क्षणी टोपीतून विजेचा एक बारीक ठोका द्यायचा. शे-दोनशे वेळा असं झालं की मेंदू शिकतो, ही खूण सांगण्यासारखी नाही. तो ओळखतो, पण वर कळवत नाही." त्या थांबल्या. "तुम्हाला आत्ता स्वतःचं नाक दिसतंय?"

"नाही."

"दिसतंय. जन्मापासून दिसतंय. मेंदू सांगत नाही, एवढंच."

कौस्तुभला एकदम स्वतःचं नाक दिसायला लागलं आणि ती भेट संपेपर्यंत ते काही डोळ्यांपुढून हलेना.

"म्हणजे मी तिच्या दृष्टीने नाक झालोय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय आम्ही उपचार करत नाही. गेलेला माणूस परत येईल, हा विचार आम्ही कोणी केला नव्हता. चूक माझी आहे, आगाशे. मी ती नाकारत नाही."

"मग उलटं करा ते."

"दोन पेशंटांवर केलं. दार उघडलं ते सताड उघडलं. त्यातली एक बाई मुलगा वारून सहा वर्षं झाली तरी आता दिवसभर त्याच्या हाकेला ओ देत बसते. जेवता जेवता, बोलता बोलता ओ देते. शर्वरीला मी ते करणार नाही. तुम्ही सही दिलीत तरी नाही."

"मी जिवंत आहे, हे तिला सांगितलं तर?"

"सांगा. तिला पटेल. पण तुमच्याबद्दलचं नवं काहीही त्याच खणात जाऊन पडेल. पाच मिनिटांनी पुन्हा सांगावं लागेल." त्यांनी फाइलमधून कागदांचा एक गठ्ठा काढून त्याच्यापुढे सरकवला. "हे घेऊन जा. लोक वीस-पंचवीस खुणा आणतात. तिने दोनशे बारा आणल्या. म्हणून तर इतकं पक्कं बसलं."

*

शर्वरी कासवांचं काम करायची. किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी प्रत्येक मादी तिला पाठीवरच्या खवल्याच्या टवक्यावरून ओळखू यायची. कोणती कुठून आली, किती वेळ बसली, परतताना कुठे थांबली, सगळं टिपून ठेवायची. नवऱ्याच्या खुणा मागितल्यावर तिने त्या तशाच टिपल्या होत्या. परतीच्या एसटीत कौस्तुभने कागद उघडले.

*३. उठताना आधी डावा डोळा उघडतो. उजवा मागून, नाइलाजाने.*

*४१. चहाचा पहिला घोट घेतला की 'हं' म्हणतो. चहा वाईट असला तरी.*

*८८. चपला काढताना उजवी नेहमी उपडी पडते.*

*१३०. खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो. त्याला वाटतं, मला कळत नाही.*

*१७६. मी रागावले की घरातलं काहीतरी दुरुस्त करायला घेतो. नीट चालणारं असलं तरी.*

नऊ वर्षांच्या संसारात बायको आपल्याकडे फारसं लक्ष देत नाही, कासवांकडेच देते, अशी कौस्तुभची एक जुनी तक्रार होती. दापोली मागे पडली तरी तो वाचत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाचं पत्र हो? रडताय ते?" तर त्याने पान उलटलं. इतक्या बारकाईने आपल्याला कोणी पाहिलंय, हे त्याला आत्ता कळत होतं. आणि पाहिलं म्हणूनच पुसता आलं. कमी प्रेम असतं, तर कुठेतरी कच्चं राहिलं असतं.

शेवटच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती.

*खूण २१३ : सांगण्यास नकार. म्हणाली, 'एवढं एक राहू दे. ते घरी लागेल.'*

ती ओळ त्याने पाच-सात वेळा वाचली. म्हणजे एक वाट उघडी होती. कोणती, ते फक्त तिला ठाऊक होतं आणि तिला विचारायची सोय नव्हती.

*

घरी राहणं सुरू झालं. त्याला राहणं म्हणायचं तर.

शर्वरी दोघींपुरता भात लावायची. आत्या तिची पाठ वळली की मूठभर तांदूळ वाढवायची. तो समोर बसून जेवायचा. ती वाढताना त्याच्या ताटावरून हात पुढे न्यायची आणि भाताचं पातेलं आत्यापाशी ठेवायची. "हल्ली भात उरतच नाही," म्हणून हसायची. आत्या घास हातात धरून रडायला लागली की ती काळजीने विचारायची, "दाढ दुखतेय का?"

आपला नवरा वारला, हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या बाईशी बोलताना त्याचं नाव निघालं, तेव्हा ती म्हणाली, "हो ना, चांगला होता हो स्वभावाने." गावात कोणी पूर्वी राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलावं, तसं. कौस्तुभ तेव्हा तिच्यापासून हातभर अंतरावर खांबाला टेकून उभा होता. वादळात पाण्याखाली गेला, तेव्हाही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

दोनशे तेरावी खूण शोधायला त्याने जंग जंग पछाडलं. दोघांनी मिळून म्हटलेली गाणी म्हटली, तिला ज्या नावाने फक्त एकदाच हाक मारली होती त्या नावाने हाक मारली, लग्नातला सदरा घातला, तिच्या उशाशी सुरंगीचा गजरा ठेवला. गजरा तिला दिसला. "आत्या, तुम्ही आणलात?" म्हणून तिने तो माळला. तेवढ्यावर त्याने दोन दिवस काढले.

मग त्याला उलटी युक्ती सुचली. यादीतलं काहीच करायचं नाही. डोकं आणि मिशी भादरली, शेजाऱ्याचे बूट घातले, दुसऱ्याच कुणाच्या कपड्यांचा वास अंगावर घेतला, आणि चार दिवस खाडीकाठी फेंगडं चालायचा सराव करून एका सकाळी फाटकाशी येऊन घसा जाड करून म्हणाला, "कासवांच्या मॅडम इथेच राहतात का?"

शर्वरीने वळून पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत.

"मीच. या ना, बसा."

तो बसला. तिने पाणी दिलं, चहा टाकला. यंदा घरटी किती झाली, कोल्हे कसे त्रास देतात, पिल्लं निघतात तेव्हा वाळू कशी आतून हलते, सगळं सांगितलं. तो हसला नाही. चहाचा घोट घेऊन 'हं' म्हणाला नाही. हात मांडीखाली दाबून धरले. चाळीस मिनिटं तो तिच्या जगात होता, आणि त्या चाळीस मिनिटांत ती परक्या माणसाशी बोलतात तसं, पदर सारखा करत, 'तुम्ही' म्हणत बोलत होती.

"नाव नाही कळलं तुमचं," ती म्हणाली.

"माझं? दिवाकर," तो म्हणाला, आणि त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

"दिवाकर, तुम्ही परत याल तेव्हा..." तिचं वाक्य तिथेच थांबलं. नजर त्याच्या चेहऱ्यावरून घसरली, स्टुलावर गेली. तिने कप उचलला. "आत्या, हा चहा कोणी अर्धा टाकला?"

पुन्हा प्रयत्न करता आला असता. पण चाळीस मिनिटं स्वतःला दाबून बसल्यावर कौस्तुभला एक कळलं होतं. असा मी तिला आवडलो, तर आवडेल तो दिवाकर. मग माझं काय?

*

"पोथीत सोय आहे," पोंक्षे गुरुजी म्हणाले. "तुला काय वाटतं, याआधी कोणी मेलेला परत आला नसेल? ज्याचे दिवस झाले, तो माणूस जिवंत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचा. तुपात बुडवायचा, बारसं करायचं, मुंज लावायची, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. बुडवण्याइतकं तूप आणायचं कुठून, ते चोळून भागेल."

डॉक्टरांचं यंत्र जिथे थकलं तिथे आत्याचा भरवसा पोथीवर होता. शर्वरीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. तिला समोर कोणी दिसत नव्हतं, तरी ती म्हणाली, "आत्या, तुम्ही, गुरुजी, सगळे मिळून काही खोटं बोलणार नाही. म्हणजे मलाच दिसत नाहीये. पण मी विसरते म्हणता, तर लिहून ठेवते." तिने बॉलपेन घेतलं आणि डाव्या तळहातावर निळ्या शाईने लिहिलं, *तो आहे.* दुसऱ्या दिवसापासून रोज अंघोळ झाली की पुसलेलं ती पुन्हा गिरवायची. का लिहिते, हे तिला पाच मिनिटांनी आठवत नसे. पण नोंद ठेवायची म्हटल्यावर ठेवायची, तो तिचा स्वभाव होता.

लग्न अंगणात लागलं, सकाळी. माणसं पाच, नवरा-नवरी धरून. कौस्तुभ तुपाने चकचकत पाटावर उभा, आत्या आणि शेजारच्या काकू अंतरपाट धरून. पलीकडून तिच्या बांगड्या वाजल्या. नऊ वर्षांपूर्वी असाच उभा असताना त्याने अंतरपाटाखालून तिची पावलं पाहिली होती, आजही पाहिली. गुरुजींनी मंगलाष्टका आवरत्या घेतल्या. अंतरपाट दूर झाला.

शर्वरी तळहात वाचत होती. मग तिने मान वर करून पाहिलं. त्याच्या छातीतून आरपार, मागच्या तुळशीकडे. ती मनापासून शोधत होती. डोळे बारीक करून, मान या बाजूला त्या बाजूला करून. पहाटेच्या अंधारात वाळूवर कासवाचा माग शोधताना ती असंच पाहायची.

"जरा उजवीकडे, सूनबाई," गुरुजी म्हणाले.

तिने हार उचलून हवेत धरला. कौस्तुभने वाकून मान त्यात घातली. हार गळ्यात पडला, तिचे हात मोकळे झाले, आणि ती क्षणभर त्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली.

"पोचला का?" तिने हळूच विचारलं.

काकू अंतरपाटात तोंड खुपसून रडल्या. त्यावर शर्वरीने घाबरीघुबरी होऊन आत जाऊन सगळ्यांसाठी सरबत आणलं. चार पेले आणले.

*

"मी जातो, आत्या," कौस्तुभ म्हणाला. आठवडा उलटला होता. "तिचं काही वाईट झालेलं नाही. जेवते, हसते, कामावर जाते. वाईट झालंय ते माझं. त्यासाठी तिला रोज तळहातावर लिहायला लावायचं? मुंबईच्या गोदीत काम आहे. चारच्या एसटीने जातो."

"आणि मी काय करू रे? पुन्हा पळसाचे देठ आणू?"

बॅग भरून त्याने ओटीवर आणून ठेवली. तीन आठवडे रात्री ओटीवर काढल्या होत्या, धड डोळा लागला नव्हता. उन्हं तापली होती, पोफळींतून वारा येत होता. एसटीला अवकाश होता. बाकावर जरा टेकावं म्हणून तो टेकला.

जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बॅग जागेवर नव्हती. आत्या पायरीवर बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. समोर दोरीवर शर्वरी कपडे वाळत घालत होती, त्याच्याकडे पाठ करून. तिचे खांदे हलत होते.

कौस्तुभने तोंडावर हात फिरवायला उचलला आणि तसाच धरला. उजव्या तळव्यावर निळी शाई फिसकटली होती. अक्षरं उलटी, घामाने पसरलेली, पण लागत होती. *तो आहे.*

"आत्या, काय झालं?"

"तू तोंड उघडं टाकून झोपला होतास," आत्या हलक्या आवाजात सांगायला लागली. "तुझा हात बाकावरून खाली आला, उताणा झाला आणि बोटं अशी मिटायला-उघडायला लागली. चाचपत होतास. लहानपणी माझा पदर धरायचास, तस्सा. ती कपड्यांची बादली घेऊन चालली होती. थबकली. 'हात,' म्हणाली. मला म्हणाली, 'आत्या, हा रोज असाच हात मागतो झोपेत. याला माहीत नाही.' आणि खाली बसून तिने हात दिला, तशी तुझी बोटं मिटली. मग तिने तुझं मनगट पाहिलं. मग कोपर पाहिलं. वीत वीत करत तोंडापर्यंत आली रे, आणि मग रडली. तू गेल्यापासून मी तिला रडताना पाहिली नव्हती. तासभर बसली होती. बोलत होती तुझ्याशी."

"मग?"

"मग तू डावा डोळा उघडलास, मेल्या!"

या वेळी आत्याने जीभ चावली नाही. कौस्तुभ तळव्याकडे पाहत राहिला. बायको आपल्यासाठी रडली याचा त्याला आनंद झाला, आणि तसा आनंद झाला याची लाजही वाटली. नऊ वर्षं रोज रात्री तो तिचा हात मागत होता, आणि ती देत होती, आणि सकाळी उठून एका शब्दानेही सांगत नव्हती. दोनशे बारा खुणा त्याच्या होत्या. ही एक तिची होती, म्हणून तिने ती दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटून बाकावरून हात खाली सोडला, उताणा केला, बोटं हलवली. ती बादली घेऊन शेजारून निघून गेली. आत्याने बसल्या जागेवरून मान हलवली. झोपेतल्या हाताला हात मिळणारच असतो. जागा हात वाट पाहतो, आणि तेवढा फरक शर्वरीला पुरत होता.

त्याने डॉक्टरांना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं.

"ते आमच्याकडे आलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यामुळे पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. वाढेल, किंवा आहे तेवढंच राहील."

"मी काय करू?"

"झोपा," डॉक्टर परकार म्हणाल्या.

*

कौस्तुभ मुंबईला गेला नाही. जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात पहाटेची पाळी धरली, म्हणजे दुपारी दमून घरी येता येतं. जेवण झालं की तो ओटीवरच्या बाकावर आडवा होतो. उठतो तेव्हा अंगावर पांघरूण असतं, कधी डोक्याला तेल लावलेलं असतं, तळव्यात किनाऱ्यावरची वाळू असते. शाईही असते, पण अलीकडे ती वेगळं काही लिहीत असावी. उलटं, पुसट, वाचता येत नाही. ती रोज त्याच्याशी बोलते. काय बोलते, ते त्याने आत्याला विचारून पाहिलं. "नवरा-बायकोचं बोलणं मी का सांगू?" आत्या म्हणाली.

दिवसाचे तेवीस तास तो या घरात नसतो. एक तास असतो, आणि त्या तासाला तो स्वतः हजर नसतो. त्याची काही तक्रार नाही, असं तो आत्याला सांगतो. सांगताना कानाची पाळी चोळतो.

अडचण एकच आहे. शर्वरी येणार हे ठाऊक असलं की झोप येत नाही, आणि तो झोपला नाही तर शर्वरी येत नाही. कूस बदलून, आकडे मोजून, लाटा ऐकून काही उपयोग होत नाही. शेवटी त्याला एक उपाय सापडला, तो त्याने कोणालाच सांगितलेला नाही. तो डोळे मिटतो आणि आपल्याला अग्नी दिला त्या दिवसाचा समुद्र डोळ्यांपुढे आणतो. तिथे मी नव्हतो, पण होतोही, असं मनाशी म्हणतो. पळसाचे देठ. डोक्याच्या जागी नारळ. शर्वरीच्या हातातली पेटलेली काडी. बोट बुडाली तेव्हा मी सुटलो नाही, कोणी मला उचललं नाही, मी कुणाची वाट पाहत नाही.

आजही जेवण आटोपलं, ताटं घासून झाली. कौस्तुभ आडवा झाला. माजघरातून पावलं निघाली, ओटीवर आली, आणि बाकापासून दोन हातांवर थांबली. तो अजून जागा होता. त्याने श्वास सैल सोडला आणि आपण मेलो आहोत, हे स्वतःला पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.